टांझानिया आणि झांबिया: मैत्री, रेल्वे आणि व्यापार यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टांझानिया आणि झांबिया यांच्या संबंधांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. विचारणाऱ्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आहेत, दार एस सलाम किंवा लुसाकाला नोकरीसाठी निघालेले आहेत, आणि रेल्वेचे वेडेही पुष्कळ आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. विषय दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हे दोन देश नकाशावर नक्की कुठे आहेत? त्यांची सीमा किती लांब आहे?

टांझानिया पूर्व आफ्रिकेत, हिंदी महासागराच्या काठावर. झांबिया त्याच्या नैऋत्येला. झांबियाला आठ शेजारी आहेत, पण समुद्रकिनारा नाही. दोघांची सामाईक सीमा टांगानिका सरोवर आणि मलावीची हद्द यांच्या मधे येते आणि ती साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आफ्रिकेच्या मानाने ही सीमा लहानच. पण एवढ्याशा पट्ट्यातून एक रेल्वे, एक महामार्ग आणि एक तेलवाहिनी जाते, आणि झांबियाची समुद्रापर्यंतची मोठी वाट तीच आहे. दोन्ही बाजूंना न्यामवांगा आणि मांब्वे लोकांची गावं आहेत. त्यांची सोयरीक या सीमेपेक्षा जुनी आहे.

२. या मैत्रीची सुरुवात कधी झाली? न्येरेरे आणि काउंडा यांचीच नावं सारखी का येतात?

टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला आणि एप्रिल १९६४ मध्ये झांझिबारशी जोडला जाऊन टांझानिया बनला. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला उत्तर ऱ्होडेशिया स्वतंत्र होऊन झांबिया झाला. टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे १९८५ पर्यंत आणि झांबियाचे केनेथ काउंडा १९९१ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. दोघांची वीसेक वर्षं एकाच वेळी सत्तेत गेली आणि दक्षिणेकडच्या गोऱ्या राजवटी संपल्याच पाहिजेत यावर दोघांचं मत कधी बदललं नाही. आफ्रिकी एकता संघटनेच्या मुक्ती समितीचं कार्यालय दार एस सलामला होतं. दक्षिण आफ्रिकेच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचं परदेशातलं मुख्यालय अनेक वर्षं लुसाकात होतं.

दोन नेत्यांचा स्नेह खरा होता, पण सगळं श्रेय त्याला देणं मला पटत नाही. झांबियाला बंदर हवं होतं आणि टांझानियाला आपला मागासलेला नैऋत्य भाग खुला करायचा होता. गरज दोघांची होती, म्हणून माणसं बदलल्यावरही संबंध टिकले.

३. या कहाणीत ऱ्होडेशिया कुठून आला?

झांबियाची निर्यात म्हणजे जवळजवळ सगळं तांबं. ते ब्रिटिश काळात घातलेल्या रेल्वेने दक्षिणेला ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतून, मोझांबिकच्या पोर्तुगीज बंदरांकडे जात असे. कोळसा ऱ्होडेशियातल्याच वांकीच्या खाणीतून यायचा. पेट्रोलही त्याच वाटेने यायचं. करिबा धरण दोघांचं, पण वीजघर ऱ्होडेशियाच्या काठावर.

११ नोव्हेंबर १९६५ रोजी ऱ्होडेशियातल्या इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं. ब्रिटनने ऱ्होडेशियावर तेलबंदी घातली आणि ऱ्होडेशियाने झांबियाचं तेल तोडलं. वर्षभराच्या या नव्या देशाला काही महिने विमानाने पिंपं आणून पेट्रोल पुरवावं लागलं. जे ट्रक दार एस सलामहून येत होते ते तेव्हाच्या कच्च्या रस्त्यावरून. पावसाळ्यात तो इतका जीवघेणा व्हायचा की चालकांनी त्याला नरकाचा रस्ता असं नाव पाडलं होतं.

टांझानियानेही किंमत मोजली, हे फार कमी जण सांगतात. ब्रिटन ऱ्होडेशियावर कठोर कारवाई करत नाही म्हणून न्येरेरेंनी डिसेंबर १९६५ मध्ये ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले, आणि ७५ लाख पौंडांचं ब्रिटिश कर्ज गोठलं. स्वतःचं तांबं नाही, ऱ्होडेशियाशी सीमा नाही, आणि तरी एका गरीब देशाने हे केलं.

४. जागतिक बँकेने नकार दिल्यावर टांझानिया-झांबिया रेल्वेसाठी चीन पैसे द्यायला का तयार झाला?

जागतिक बँकेच्या १९६४ च्या अहवालाने ही रेल्वे आर्थिकदृष्ट्या परवडणारी नाही असं म्हटलं. पाश्चात्त्य देशांचा कल रस्त्याकडे होता. न्येरेरे फेब्रुवारी १९६५ मध्ये चीनला गेले तेव्हा रेल्वेचा विषय निघाला, १९६७ च्या जूनमध्ये काउंडा जाऊन आले, आणि ५ सप्टेंबर १९६७ रोजी बीजिंगमध्ये तिन्ही देशांचा करार झाला.

चीनने ९८.८ कोटी युआनचं बिनव्याजी कर्ज दिलं. तेव्हा चीन स्वतः गरीब होता, सोव्हिएत संघाशी बिनसलेलं होतं, आणि संयुक्त राष्ट्रांत त्याला जागा नव्हती. ती १९७१ मध्ये मिळाली, आफ्रिकी देशांच्या मतांच्या मोठ्या आधाराने. म्हणजे चीनचा स्वार्थ होताच, पण अटी खरोखर सौम्य होत्या. स्थानिक खर्चासाठी चीनने उधारीवर माल पाठवायचा, तो दोन्ही देशांच्या दुकानांत विकला जायचा, आणि त्या पैशांतून मजुरांचे पगार निघायचे. चिनी कापड आणि भांडी त्या वर्षांत दार एस सलामच्या बाजारात का दिसत, याचं कारण हे.

५. ताझारा म्हणजे काय? तिच्याबद्दल नेमके आकडे हवे आहेत.

टांझानिया-झांबिया रेल्वे प्राधिकरण या नावाचं हे लघुरूप. लोक तिला उहुरू रेल्वेही म्हणतात; उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य. लांबी १,८६० किलोमीटर, त्यातले सुमारे ९७५ टांझानियात आणि ८८५ झांबियात. एक टोक दार एस सलाम, दुसरं झांबियातलं कापिरी म्पोशी. वाटेत म्लिंबा, माकांबाको, म्बेया, तुंडुमा, नाकोंडे, कासामा, म्पिका आणि सेरेंजे ही मोठी स्थानकं. काम ऑक्टोबर १९७० मध्ये सुरू झालं, रूळ जून १९७५ मध्ये पूर्ण झाले आणि १४ जुलै १९७६ रोजी रेल्वे दोन्ही देशांच्या हाती सोपवली गेली.

तीनशेहून जास्त पूल आणि वीसहून जास्त बोगदे आहेत. त्यांतले बरेचसे म्लिंबा ते माकांबाको या एकाच टप्प्यात, कारण किलोंबेरो खोऱ्यातल्या दलदलीतून गाडी थेट पठारावर चढते. म्बेयाजवळ उयोले इथे तिची कमाल उंची सुमारे १,७९० मीटर. हजारो चिनी तंत्रज्ञ आणि त्यांच्याहून जास्त टांझानियन व झांबियन मजूर या कामावर होते. अपघातांत आणि आजारात साठहून अधिक चिनी कामगार मेले. दार एस सलामजवळ त्यांची दफनभूमी आहे. स्थानिक मजूरही मेले, आणि त्यांची आठवण तेवढ्याच आदराने काढली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

६. मग ही रेल्वे चीनच्या मालकीची आहे का?

नाही. ताझारा दोन्ही सरकारांची निम्मी-निम्मी आहे आणि दोन्ही संसदांनी केलेल्या कायद्यांवर उभी आहे. मुख्यालय दार एस सलामला, म्हणून व्यवस्थापकीय संचालक झांबियाचा, अशी वाटणी ठरलेली. मोठे वर्कशॉप दार एस सलाम आणि म्पिका इथे, म्हणजे प्रत्येक देशात एक. वरती दोन्हीकडच्या मंत्र्यांची परिषद.

अशी समान मालकी दिसायला सुंदर असते. चालवायला अवघड असते, कारण प्रत्येक मोठा निर्णय दोन राजधान्यांतून फिरून येतो आणि तोट्याच्या वर्षी पैसे आधी कोणी घालायचे यावर दोघेही थांबून राहतात. कर्मचाऱ्यांचे पगार थकले, संप झाले, त्यामागे हेच होतं. २०२५ च्या कराराने चालवण्याचा अधिकार कोणाकडे गेला, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

७. ताझामा आणि ताझारा एकच का?

नाही, नावं सारखी असल्याने घोटाळा होतो. ताझामा ही तेलवाहिनी आहे. दार एस सलामपासून झांबियातल्या न्दोलापर्यंत सुमारे १,७१० किलोमीटर. इटालियन कंपनीने बांधली आणि १९६८ मध्ये, म्हणजे रेल्वेच्या कितीतरी आधी, सुरू झाली. हिच्यात झांबियाचा वाटा दोन तृतीयांश आणि टांझानियाचा एक तृतीयांश. रेल्वेसारखा निम्मा नाही.

आधी हिच्यातून तयार इंधन यायचं. १९७३ मध्ये न्दोलाला इंडेनी शुद्धीकरण कारखाना झाला आणि कच्चं तेल येऊ लागलं. २०२३ पासून वाहिनी पुन्हा तयार डिझेल आणते. ट्रकने डिझेल आणण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. रेल्वेवर पुस्तकं लिहिली जातात आणि या नळीकडे कोणी बघत नाही, पण झांबियातल्या माणसाच्या रोजच्या खर्चावर तिचा परिणाम जास्त आहे.

८. रेल्वे एवढ्या कष्टाने बांधली, तर तिची अवस्था का बिघडली?

क्षमता वर्षाला २० लाख टनांची धरली होती. सर्वांत चांगल्या वर्षी, १९७७-७८ मध्ये, सुमारे १२ लाख टन माल गेला. २०१४-१५ मध्ये हा आकडा ८८ हजार टनांवर आला.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पहिली चिनी डिझेल इंजिनं डोंगराळ चढांना कमी पडली आणि नंतर दुसऱ्या बनावटीची आणावी लागली. सुट्या भागांसाठी परकी चलन नव्हतं. पावसाळ्यात दरडी आणि वाहून गेलेले भराव. दार एस सलाम बंदरात गर्दी, म्हणून डबे आठवडेच्या आठवडे अडकून. १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये ऱ्होडेशियाच्या कमांडोंनी चांबेशी नदीवरचा पूल उडवला. आणि मग राजकारणच बदललं: झिंबाब्वे १९८० मध्ये स्वतंत्र झाला, दक्षिण आफ्रिकेतली वर्णभेदी राजवट १९९४ मध्ये संपली, आणि दक्षिणेचे रस्ते व बंदरं झांबियाला मोकळी झाली. ज्या संकटासाठी रेल्वे बांधली ते सरलं, आणि देखभालीसाठी पैसे बाजूला ठेवायची शिस्त मात्र लागलीच नव्हती. माझ्या मते बिघाडाचं मूळ या शेवटच्या गोष्टीत आहे. बांधणीसाठी सगळे धावून आले. वंगण, स्लीपर आणि सिग्नलसाठी दरवर्षी कोणीतरी तरतूद करायला हवी होती, ती झाली नाही.

९. १९७८ मध्ये काउंडांनी ऱ्होडेशियाचा मार्ग पुन्हा उघडला. ही टांझानियाशी दगाबाजी नव्हती का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहितो. जानेवारी १९७३ मध्ये ऱ्होडेशियाने सीमा बंद केली. पुढे त्यांनी उघडायची तयारी दाखवली, तरी काउंडांनी आपल्या बाजूने ती बंदच ठेवली. १९७५ मध्ये अंगोलातल्या यादवीने बेंगेला रेल्वे, म्हणजे पश्चिमेची वाटही गेली. तांब्याचे भाव त्याच सुमारास कोसळले. सगळा भार ताझारा आणि दार एस सलामवर आला आणि ते दोन्ही तुंबले. १९७८ मध्ये पेरणी तोंडावर आली होती आणि खत झांबियाबाहेर अडकून पडलं होतं. खत वेळेवर आलं नसतं तर पुढच्या वर्षी मका नाही, म्हणजे जेवण नाही. त्या ऑक्टोबरमध्ये काउंडांनी दक्षिणेचा रेल्वेमार्ग उघडला.

टांझानिया आणि मोझांबिक नाराज झाले, आणि ती नाराजी समजण्यासारखी होती. त्यांनीही नुकसान सोसलं होतं. पण पाच वर्षं सीमा बंद ठेवून झांबियाने जे भोगलं ते पाहता याला दगा म्हणणं अन्यायाचं आहे. तेलवाहिनी चालू राहिली, रेल्वे चालू राहिली, आणि दीड वर्षातच, १ एप्रिल १९८० रोजी, दक्षिण आफ्रिकेवरचं अवलंबित्व कमी करण्यासाठी नऊ देशांची परिषद लुसाकात भरली. टांझानिया तिथे होता. आजचा दक्षिण आफ्रिकी विकास समुदाय, म्हणजे सॅडक, त्यातूनच पुढे आला.

१०. ताझाराची गाडी टांझानियातल्या बाकीच्या रुळांवर का चालत नाही? नवी विजेची गाडी झांबियाला जाते का?

टांझानियात तीन गेज, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची तीन मापं, आहेत. जर्मन काळापासूनचा मध्य मार्ग मीटर गेजचा, १,००० मिलिमीटर. ताझारा १,०६७ मिलिमीटरची, कारण झांबिया, झिंबाब्वे आणि दक्षिण आफ्रिकेत तेच माप आहे. आणि २०२४ मध्ये दार एस सलाम ते डोडोमा सुरू झालेली विजेची रेल्वे १,४३५ मिलिमीटरची.

त्यामुळे ताझाराचा डबा कापिरी म्पोशीहून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाऊ शकतो, पण दार एस सलामच्या शेजारच्या रुळावर चढू शकत नाही. मध्य मार्गाशी माल बदलायची सोय किडाटू इथे आहे. मनमाडला पूर्वी ब्रॉड गेजचा माल उतरवून मीटर गेजच्या डब्यांत भरावा लागे, तसंच. नवी विजेची गाडी झांबियाला जात नाही. तिचा मार्ग पश्चिमेला व्हिक्टोरिया आणि टांगानिका सरोवरांच्या दिशेने आखलेला आहे.

११. तुंडुमा-नाकोंडे सीमेवर ट्रकांच्या रांगा का लागतात? एकत्रित तपासणी नाका सुरू झाला ना?

झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मागुफुली आणि लुंगू यांनी त्याचं उद्घाटन केलं. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छताखाली बसतात, ट्रक एकदाच थांबतो. टांझानियातून झांबियात जाणाऱ्याची तपासणी नाकोंडेला, उलट जाणाऱ्याची तुंडुमाला.

रांगा तरी लागतात, कारण छप्पर एक असलं तरी संगणकप्रणाली आणि कायदे दोन आहेत. एका बाजूची प्रणाली बंद पडली की दोन्हीकडचे ट्रक उभे. शिवाय काँगोच्या कातांगा भागातलं तांबं आणि कोबाल्टही याच वाटेने दार एस सलामला येतं, म्हणजे नाका दोन देशांचा आणि वाहतूक तीन देशांची. रेल्वे सुधारली तर रस्त्यावरचा जड माल कमी होईल. रांगेवरचा खरा उपाय तोच.

वेळेचंही लक्षात ठेवा: झांबियाचं घड्याळ टांझानियाच्या एक तास मागे असतं.

१२. दोन्ही देश एकाच व्यापार गटात आहेत का? माझ्या मालावर जकात लागेल का?

अर्धं हो. दोघेही सॅडकमध्ये आहेत आणि २००८ पासून सॅडकचं मुक्त व्यापार क्षेत्र आहे. पण टांझानिया पूर्व आफ्रिकी समुदायात आहे, झांबिया नाही. झांबिया कोमेसात, म्हणजे पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या सामाईक बाजारपेठेत आहे, टांझानिया तिच्यातून २००० मध्ये बाहेर पडला. दोघांनी आफ्रिका खंडाचा मुक्त व्यापार करारही मान्य केला आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा, की सवलत मिळवायची तर माल त्या गटाच्या नियमांनुसार तिथेच तयार झाला आहे असं मूळ उत्पादनाचं प्रमाणपत्र लागतं. भारतातून दार एस सलामला उतरवून पुढे झांबियात नेलेला माल टांझानियन ठरत नाही. तो फक्त टांझानियातून जातो आणि त्यावर झांबियाची पूर्ण जकात लागते. ही चूक नवे व्यापारी हमखास करतात. सध्याचे दर मात्र झांबियाच्या महसूल प्राधिकरणाकडूनच घ्यावेत.

१३. मैत्री आहे, तर मग मक्याच्या निर्यातीवर मध्येच बंदी का येते?

दोन्हीकडे मुख्य अन्न मक्याचं: झांबियात न्शिमा, टांझानियात उगाली. पाऊस कमी झाला की कोणतंही सरकार आधी आपल्या घरातला साठा बघतं. झांबियाने अशी बंदी अनेकदा घातली आहे. तिचा फटका शेतकऱ्याला बसतो, कारण भाव चांगला असतानाच बाजार बंद होतो, आणि माल मग पायवाटांनी रातोरात सीमेपलीकडे जातो.

उलट उदाहरणही ठेवायला हवं. २०२४ मध्ये झांबियात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा टांझानियाच्या सरकारी अन्न राखीव संस्थेने साडेसहा लाख टन मका झांबियाला विकण्याचा करार केला. विकण्याचा, फुकट देण्याचा नाही. मला हेच जास्त निरोगी वाटतं: टांझानियाच्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळालं आणि झांबियाला जवळचा मका.

१४. २०२५ चा चिनी करार काय आहे? रेल्वे विकली का?

विकली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बीजिंगमध्ये राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन, हाकाइंडे हिचिलेमा आणि शी जिनपिंग यांच्या उपस्थितीत सामंजस्य करार झाला. वर्षभराने रेल्वे ३० वर्षांसाठी सुधारायला आणि चालवायला देण्याचा करार झाला. एक चिनी सरकारी बांधकाम कंपनी सुमारे १४० कोटी डॉलर घालून रूळ, इंजिनं आणि डबे सुधारणार, पहिली तीन वर्षं दुरुस्तीची आणि पुढची सत्तावीस चालवण्याची. नोव्हेंबर २०२५ मध्ये लुसाकात चिनी पंतप्रधान ली च्यांग यांच्या उपस्थितीत कामाचा प्रारंभ झाला. जमीन आणि मार्गाची मालकी दोन्ही सरकारांकडे राहते.

१९६७ शी याची तुलना करताना जपून करावी. तेव्हा चीनने कर्ज दिलं आणि बांधून झाल्यावर चालवायला दोन्ही देशांच्या हाती दिलं. आता कंपनी नफ्यासाठी चालवणार आहे. तिने गाड्या वेळेवर धावत्या केल्या तर मला आनंदच आहे, पण सत्तावीस वर्षांत टांझानियन आणि झांबियन अभियंते किती तयार होतात यावर दोन्ही संसदांनी बारीक लक्ष ठेवायला हवं. नाहीतर प्रश्न ८ मधली कहाणी पुन्हा घडेल.

१५. अमेरिका आणि युरोप लोबितो मार्गाला पैसे देत आहेत. झांबिया टांझानियाला सोडणार का?

लोबितो हे अंगोलाचं अटलांटिकवरचं बंदर. तिथून काँगोपर्यंतची बेंगेला रेल्वे पुन्हा चालू झाली आहे आणि झांबियाला तिच्याशी जोडण्यासाठी सुमारे ८०० किलोमीटरचा नवा मार्ग प्रस्तावित आहे. युरोप-अमेरिकेच्या बाजारासाठी ती वाट जवळची. भारत, चीन आणि आखातासाठी दार एस सलामच सोयीचं.

झांबियाने दोन्ही वाटा ठेवाव्यात, आणि १९६५ ते १९७८ चा इतिहास वाचणारा कोणीही हेच सांगेल. एकाच दारावर अवलंबून राहण्याची शिक्षा त्या देशाने दोनदा भोगली आहे. टांझानियाने यात विश्वासघात शोधण्यापेक्षा बंदरातली खोळंबणूक कमी करावी.

१६. भारताचा किंवा मराठी माणसाचा यात काही संबंध आहे का?

रेल्वेच्या बांधणीत नाही. व्यापारात आहे: झांबियातलं कोंकोला हे मोठं तांब्याच्या खाणींचं संकुल २००४ मध्ये भारतीय मुळाच्या वेदांताने घेतलं, २०१९ मध्ये झांबिया सरकारशी मोठा वाद झाला, आणि नंतर ते पुन्हा वेदांताकडे आलं. दार एस सलाममध्ये गुजराती व्यापारी आणि गोमंतकीय कुटुंबं वसाहतकाळापासून आहेत.

१७. दार एस सलामहून लुसाकापर्यंत रेल्वेने जाता येतं का?

थेट नाही. ताझाराची प्रवासी गाडी कापिरी म्पोशीला संपते; तिथून लुसाका सुमारे २०० किलोमीटर, बसने. वेळापत्रकात प्रवास दोन दिवसांचा दिसतो, प्रत्यक्षात उशीर धरूनच चालावं. गाडी न्येरेरे राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने जाते आणि दिवसा खिडकीतून जिराफ, हत्ती दिसू शकतात. दुरुस्तीच्या काळात प्रवासी गाड्या मध्येच बंद राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दार एस सलामच्या ताझारा स्थानकावर चौकशी करा; हे स्थानक मध्य मार्गाच्या स्थानकापासून वेगळं आणि शहराच्या मध्यापासून दूर आहे, रिक्षावाल्याला नाव स्पष्ट सांगा. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते दोन्ही देशांच्या दूतावासांकडून पक्के करून घ्या, कारण सीमा ओलांडताना दोन्ही देशांची प्रवेशपरवानगी लागते.